मदत हवी आहे: अलास्कातल्या शिकारीसाठी ठाण्यात तयारी कशी करावी?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात मेव्हण्यासोबत अलास्काला जायचंय, मूसच्या (तिथल्या अजस्र हरणाच्या) शिकारीला. बंदूक, परवाना सगळं त्याचं. मी नुसता सोबतीला. (आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारबंदी आहे, माहीत आहे. कृपया त्यावर वाद नको.) तो राहतो सिएटलला. सोबत परवानाधारक गाइड घेतलाय.

माझी धास्ती वेगळीच आहे. मूसचं खाण्याजोगं मांस रानात टाकून येता येत नाही, गुन्हा आहे. म्हणजे दोनेकशे किलो मांस पाठीवरून वाहायचं, तेही ओल्या, हलणाऱ्या गवताच्या ढेकळांवरून. पाय कुठे वळेल नेम नाही!

येऊरला वजनदार सॅक घेऊन चढउतार सुरू केलाय, पण डांबरी रस्त्याने घोट्याला काय सराव होणार? ठाणे-खारघरकडे पावसाळ्यात परवानगी असलेली खडबडीत, चिखलाची वाट कुठली? आणि घोट्याच्या वरपर्यंतचे वॉटरप्रूफ बूट इथे घालून बघून कुठे घेता येतील? ऑनलाइन मापाचा भरवसा नाही. सुती कपडे नकोत, लोकरी घ्या, असं गाइडने बजावलंय. ते ठाण्याच्या दुकानात जुलैत मागितले तर लोक हसतात.