शब्दचर्चा : 'वल्हांडण' म्हणजे काय?

मराठी बायबलमध्ये ज्यूंच्या एका सणाला 'वल्हांडण सण' म्हटलंय. मी इतकी वर्षं त्याचा संबंध वल्ह्याशी लावत आलो. मोशेने लोकांना समुद्रापार नेलं, म्हणजे होड्या असणार, आणि होड्या आल्या म्हणजे वल्ही आलीच! परवा पुन्हा वाचताना लक्षात आलं की त्या गोष्टीत होडी कुठेच नाही. समुद्र दुभंगला आणि माणसं कोरड्या पायांनी गेली. मग हा शब्द आला कुठून?

———

वल्ही ठेवून द्या, हा आपला 'ओलांडणे'च आहे. बोलीत ओढ्याचा वढा होतो, ओल्याचा वला होतो, तसं ओलांडणेचं 'वलांडणे' होतं. मध्ये एक 'ह' शिरला की वल्हांडणे. दळणेपासून दळण, तसं वल्हांडणेपासून वल्हांडण.

गोष्ट बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली. इस्राएल लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम. तिथला राजा फारो त्यांना सोडत नाही, म्हणून एकामागून एक पीडा येतात. दहावी सगळ्यात भयंकर : घरोघरचा थोरला मुलगा मरणार. इस्राएलांनी कोकरू कापायचं आणि त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि वरच्या पट्टीला लावायचं. रक्त दिसेल ते घर परमेश्वर ओलांडून पुढे जाईल. हिब्रूत सणाचं नाव 'पेसाह', आणि 'ओलांडून जाईल' हे क्रियापदही त्याच धातूचं. भाषांतरकारांनी मराठीतही नाव आणि क्रियापद एकाच मुळातून काढलं. मला हे काम फार नेटकं वाटतं.

एक गंमत बघा. 'उंबरा ओलांडला' म्हटलं की माणूस आत आला किंवा बाहेर गेला. 'घर ओलांडलं' म्हटलं की तो आत आलाच नाही, पुढे निघून गेला. क्रियापद तेच, कर्म बदललं की अर्थ उलटा. त्या रात्री कोणी काय ओलांडावं यावरच जीव अवलंबून होता.

———

ओलांडण्यावर सगळ्यांचं एकमत नाही, बरं का. हिब्रूत 'पिसेआह' म्हणजे लंगडा. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात, अठराव्या अध्यायात, बआल या देवाचे पुजारी वेदीभोवती नाचतात तिथेही हेच क्रियापद येतं. म्हणजे मुळातली हालचाल लंगडी घालण्याची : एक घर टाकून पुढच्यात उडी.

यशयाच्या पुस्तकात, ३१व्या अध्यायात मात्र परमेश्वर यरुशलेमवर पक्ष्यांसारखा घिरट्या घालून रक्षण करतो, तिथेही हाच धातू आहे. जुन्या ग्रीक भाषांतरात निर्गम १२:१३ला 'रक्षण करीन' असाच अर्थ घेतलाय. तो धरला तर वल्हांडणाऐवजी 'पाखर' म्हणावं लागेल. पाखर घालणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे जणू त्या ओवीसाठीच तयार होता.

———

चर्चा छान आहे, पण ही सगळी ख्रिस्ती भाषांतरांची मराठी आहे, हे ध्यानात ठेवा. बायबलच्या पहिल्या भागाला 'जुना करार' म्हणतात, तो शब्दही त्यांचाच. ज्यूंच्या लेखी तो जुना नाही, कारण नवा करार ते मानत नाहीत. ते 'तनाख' म्हणतात : तोरा, नवीईम (संदेष्टे) आणि केतुवीम (इतर लेखन) या तीन भागांची आद्याक्षरं. 'तोरा'ला मराठी बायबलमध्ये 'नियमशास्त्र' म्हटलंय, तेही मला खटकतं. धातूचा अर्थ शिकवणे, म्हणजे तोरा ही 'शिकवण'. त्यात नियम आहेतच, पण जगाची उत्पत्ती आहे, अब्राहाम आहे, भावाभावांची भांडणंही आहेत.

आता खरी मजा. मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे अलिबाग-पेण-रोहे भागातले बेने इस्राएल, या सणाला काय म्हणत? हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७च्या सुमारास समाजाचा इतिहास लिहिला (छापला गेला १९३७मध्ये). त्यात सणांची जुनी नावं आहेत : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण. दारफाळणीचा म्हणजे योम किप्पूर. प्रायश्चित्ताचा कडक उपास, दारं लावून घरात बसायचं. होळीचा म्हणजे पुरीम, कारण तो होळीच्या आसपास येतो. बिरड्याचा म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोकदिन. त्या दिवशी बिरडं खायचं. आणि पेसाह म्हणजे 'अनाशी ढाकायचा सण'. आंबट कालवणाचं मडकं, ते झाकून ठेवायचं.

पोथ्या हरवल्या होत्या, मोशे आणि फारो अंधुक झाले होते, पण आंबलेलं खायचं नाही एवढं स्वयंपाकघराला आठवत होतं. त्यातही अचूकपणा पाहा. पेसाहात वर्ज्य असलेल्या आंबवलेल्या पदार्थाला हिब्रूत 'हामेत्स' म्हणतात, आणि त्याच धातूपासून 'हामूत्स' म्हणजे आंबट. आपलंही तसंच : आंबणे, आंबवण, आंबट. शास्त्रात वर्ज्य आहे ते आंबलेलं धान्य, आंबट चव नव्हे. पण कोकणातल्या बाईने दोन्ही एकाच मडक्यात झाकलं, आणि भाषेच्या अंगाने ती चुकली असं मला म्हणवत नाही.

मी बेने इस्राएलच, आमच्या घरात आता 'पेसाह'च म्हणतात. वल्हांडण आम्ही शाळेतल्या ख्रिस्ती मैत्रिणींकडून ऐकला. तेव्हा बायबलच्या उताऱ्याबद्दल लिहिताय तर वल्हांडण लिहा. ज्यूंच्या घरातल्या सणाबद्दल लिहिताय तर पेसाह.

———

मीच मूळ प्रश्नवाला. वल्ही परत केली. आता एक शेपूट : बायबलमध्ये 'बेखमीर भाकर' आहे. आपली भाकरी कधी खमीर घालून करतात का? मग 'बेखमीर' कशाला? आणि तांदळाची भाकरी पेसाहाला चालेल का?

———

'बेखमीर' मराठीत खरंच फुकट आहे. ते मूळ शब्दाशी इमान राखायला आलं. भात-भाकरी आम्हा बेने इस्राएलांकडे पेसाहात खातात. पूर्व युरोपातून आलेले ज्यू परंपरेने तांदूळही टाळतात. पण तांदळाची भाकरी 'मात्सा', म्हणजे सणाची बेखमीर भाकर, म्हणून चालत नाही. शास्त्राने जी धान्यं आंबणारी मानली आहेत त्यांचीच मात्सा होते : गहू, जव वगैरे पाच. आंबण्याची सोय असून आंबू द्यायचं नाही, अशी अट आहे. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाजून मोकळं व्हायचं. मिसरातून निघताना कणीक फुगायलाही वेळ नव्हता, त्याची ही आठवण.

पुण्यात १८७४ साली पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, 'हग्गादा', छापली गेली, हिब्रू आणि शेजारी मराठी. तिच्यातल्या एका चित्रात मात्सा करायची लगबग चालली आहे, आणि करणाऱ्या बायका साडीत आहेत.