मदत हवी आहे: जुन्या घरातली नाताळची सजावट, खळीशिवाय कंदील

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडमधल्या डर्बीशरमध्ये राहते. जवळच्या एका सतराव्या शतकातल्या कंट्री हाऊसमध्ये, म्हणजे जुन्या जमीनदारी वाड्यात, शनिवारी स्वयंसेवक म्हणून जाते. यंदा नाताळासाठी जिन्याचा हॉल सजवायचं काम आम्हा पाच जणींकडे आलंय. प्लास्टिक नको, चमकी नको, सगळं हाताने केलेलं हवं.

घराचे नियम कडक आहेत आणि मला ते पटतात. खिळा नाही, चिकटपट्टी नाही, ज्योत नाही. होली नावाच्या लाल फळांच्या काटेरी झुडपाची ओली फांदी लाकडावर टेकवायची नाही, फळांचे डाग पडतात. बागेतले पाइनचे कोनसुद्धा आधी पिशवीत बांधून उणे 18 अंशांवर दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवायचे, म्हणजे आतले किडे मरतात. गालिचांना कसर लागली की गेलेच ते.

बाकीच्या जणींना 1848 च्या चित्रातलं व्हिक्टोरिया राणीचं झाड हवं होतं. त्यावर मेणबत्त्या आणि खाऊ, पण ज्योत आम्हाला वर्ज्य. म्हणून मी संत्र्याच्या चकत्या ओव्हनमध्ये 100 अंशांवर चार तास वाळवल्या. उजेडात धरल्या की फोडींची शीर न् शीर दिसायची, इतक्या सुंदर! हॉलमध्ये आठवडाभर टांगल्या आणि मधोमध चिकट, कडेला काळी बुरशी. तिथला हीटर माणसांसाठी नसतो, सामानासाठी असतो. आर्द्रता साधारण 50 ते 65 टक्क्यांत राहावी एवढ्यापुरताच. गोड वस्तू तिथे टिकणार नाही, हे मला आता कळलं.

तेव्हापासून डोक्यात आकाशकंदील आहे. कामट्यांचा सांगाडा, पतंगी कागदाच्या करंज्या, खाली झिरमिळ्या, आत बॅटरीचा दिवा. आई करंज्या खळीने चिकटवायची. पण खळ म्हणजे पीठच, कसरीला आयतं खाद्य. मिथाइल सेल्युलोजच्या गोंदात पीठ नसतं, पण तो पातळ कागदावर करून पाहिला तर करंजीचं टोक वाळताना सुटून येतं.

वसई-गोव्याकडच्या मंडळींना खास विचारतेय. नाताळाची कागदी चांदणी तुम्ही घरी कशी करता? गोंदाशिवाय, नुसती दोऱ्याने शिवून किंवा घडीत घडी अडकवून करंजी धरते का? आणि कामटी इथे मिळत नाही. बागेत विलोच्या झाडाच्या लवचीक काड्या भरपूर आहेत, त्यांचा सांगाडा वाळल्यावर वाकडा होईल का?

कंदील दोन फुटी असेल, जिन्याच्या कठड्याला सुती नाडीने बांधणार. पहिला नमुना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दाखवायचा आहे.