सासऱ्यांच्या डोळ्यात इंजेक्शन दिलंय, घरी काय काय जपायचं?

तासगावची सून
आमच्या आबांना बरीच वर्षं शुगर आहे. पडद्याला सूज आली म्हणून परवा मिरजेत उजव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं. घरी सोडताना भराभर सांगितलं, निम्मं डोक्यावरून गेलं. इन्सुलिन ते स्वतःच घेतात, कुणाला हात लावू देत नाहीत. कुणी नीट सांगेल का?

मिरजेची सिस्टर
ताई, मी डोळ्यांच्या वॉर्डात आहे. डोळा चोळू देऊ नका, थोडे दिवस डोक्यावरून अंघोळ नको. थेंब घालताना हात धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागता कामा नये. पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरू नका, तो विरतो. पण दुखणं वाढलं, नजर आणखी अंधुक झाली, तर तारखेची वाट बघायची नाही. रात्र असली तरी निघा.

मला खरी काळजी वाटते ती इन्सुलिनची. ज्यांना पेपरचा मथळा दिसत नाही, त्यांना सिरिंजवरची बारीक रेघ कशी दिसणार? इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या असतात, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीला, नारिंगी १०० च्या. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात ५० युनिट जातात. माणूस बेशुद्ध पडतो हो! भरून तुम्ही द्या, टोचू दे त्यांचं त्यांना. एवढ्यावर बहुतेक आबा राजी होतात.

आणि रोज रात्री त्यांचे तळपाय बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. बरीच वर्षं शुगर असली की पाय बधिर होऊ शकतात, काटा रुतला तरी त्यांना कळणार नाही आणि दिसणारही नाही. बागेत अनवाणी फिरणं बंद.

पलूसचा मेडिकलवाला
बाटलीवर ४० की १०० ते छापलेलं असतं. सिरिंज घेताना बाटली सोबत आणा.

तासगावची सून
सिस्टर, आत्ता बघितलं. बाटली ४० ची आणि सिरिंजचं टोपण नारिंगी! म्हणजे डोस कमी जात होता?

मिरजेची सिस्टर
हो, २० च्या रेघेला ८ च युनिट. पण लगेच सिरिंज बदलून तोच आकडा भरू नका. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी डोस वाढवत नेला असेल, तो आता पुरता गेला तर शुगर एकदम खाली येईल. पुढच्या डोसच्या आधी त्यांना फोन करून हे सगळं सांगा. घाम, थरथर दिसली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी शुगर तपासा. काय म्हणाले ते इथे कळवा, मी बघते.