सिमल्याचे कॉफी हाऊस : सहलीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-१०४, ताई (सहल समिती): नमस्कार. बेळगावहून गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, पुढे कालका आणि तेथून छोट्या गाडीने सिमला, असा प्रवास नक्की झाला आहे. मॉल रोडवर आपल्याला दोन तास मोकळे मिळतील. मुलांनी एका नव्या कॅफेचा आग्रह धरला आहे. ज्येष्ठांनी आपले मत कळवावे.

अ-३०२, अण्णा: ताई, त्यातला अर्धा तास मॉल रोडवरील इंडियन कॉफी हाऊससाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. फेटा बांधलेले वेटर, जुनी लाकडी सजावट आणि तासन्‌तास राजकारणावर बोलत बसलेले वकील व पत्रकार, हे सारे तेथे अजून पाहायला मिळते.

ब-२०१, मामा: ते सरकारी आहे ना? मग चहापाण्याची काय अवस्था असेल, ते सांगायला नको.

क-१०३, काकू: मला दुसरीच शंका आहे. चिकमगळूरची पूड आपल्या घरी येते आणि रोज सकाळी फिल्टरमधून उतरते. तीच कॉफी प्यायला हिमालयात कशाला जायचे?

अ-३०२, अण्णा: काकूंची शंका रास्त आहे, आणि गंमत म्हणजे या कॉफी हाऊसचा उगम त्याच शंकेत आहे. १९३० च्या दशकात जगभर मंदी आली, कॉफीचे भाव कोसळले आणि कोडगू-चिकमगळूरच्या मळ्यांतला माल पडून राहू लागला. तो देशातच खपावा, चहा पिणाऱ्या उत्तरेलाही कॉफीची गोडी लागावी, म्हणून कॉफीवरील उपकरातून (सेस) चालणाऱ्या कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिले कॉफी हाऊस उघडले. पुढे सरकारच्या कॉफी बोर्डाने त्यांची साखळी देशभर वाढवली. म्हणजे आपल्याच राज्यातल्या मळेवाल्यांचा माल खपवण्यासाठी काढलेली ही दुकाने आहेत. तेव्हा सिमल्याला परके मानू नये.

मामा, आपलेही अर्धे बरोबर आहे. आरंभी ती बोर्डाचीच होती. मात्र १९५० च्या दशकाच्या मध्यास बोर्डाने ती बंद करायला घेतली आणि वेटर, आचारी, भांडी घासणारे असे सगळेच रस्त्यावर येण्याची वेळ आली. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी कामगारांना सांगितले की सहकारी संस्था काढा आणि कॉफी हाऊस तुम्हीच चालवा. पहिली संस्था १९ ऑगस्ट १९५७ रोजी बेंगळुरूत स्थापन झाली. दिल्लीच्या संस्थेने त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला आपले पहिले कॉफी हाऊस सुरू केले. सिमल्याचेही याच सहकारी परंपरेतले आहे.

ब-२०१, मामा: मग मालक कोण?

अ-३०२, अण्णा: तेथे काम करणारे सभासदच. संचालक मंडळ तेच निवडून देतात. ज्याच्या हातातून कप घ्यायचा, तो त्या धंद्याचा भागीदार असतो, ही गोष्ट मला तेथल्या कॉफीपेक्षा जास्त आवडते. कॉफी तशी साधीच आहे, हे मी काकूंना आधीच कबूल करतो.

क-१०३, काकू: हे पटले. माझे सासरे शहापुरात विणकर सोसायटीचे सभासद होते. वार्षिक सभेत एका हिशेबावरून तीन-तीन तास भांडणे चालत. पण सोसायटी आपली आहे, म्हणूनच भांडतो, असे ते म्हणत.

अ-४०१, दादा: अण्णा, पंतप्रधान मोदीही तेथे थांबले होते ना?

अ-३०२, अण्णा: होय. १९९० च्या दशकात पक्षाच्या कामासाठी हिमाचलात असताना ते तेथे जात असत आणि २७ डिसेंबर २०१७ रोजी, जयराम ठाकूर यांच्या शपथविधीनंतर, त्यांनी मॉल रोडवर गाडी थांबवून तेथली कॉफी घेतली. कम्युनिस्टांच्या सल्ल्याने उभ्या राहिलेल्या कॉफी हाऊसची भाजपच्या पंतप्रधानांना आठवण यावी, यावर पुष्कळ बोलता येईल. पण या ग्रुपवर राजकारणाला बंदी आहे.

ब-१०४, ताई: बंदी आहेच, कृपया येथेच थांबावे. कॉफी हाऊस कार्यक्रमात घेतले आहे. मुलांना नव्या कॅफेत जाऊ द्यावे. बावीस जण एका वेळी तेथे बसू शकणार नाहीत, म्हणून आपण दोन गट करू.

क-१०३, काकू: मला अण्णांच्या गटात घाला. त्या वेटर मंडळींसाठी कुंद्याचा एक डबा मी बांधून घेते. फक्त तो तिसऱ्या दिवसापर्यंत मामांच्या हाती लागू देऊ नका.