ऑफिसच्या ईपीएबीएक्सवर अकाउंट कोड: सक्तीचा ठेवावा की ऐच्छिक?

मृणाल_ठाणे:
नमस्कार मंडळी. ठाण्यात आमचं वकिलीचं ऑफिस आहे. कुठल्या अशिलाच्या कामात फोनवर किती वेळ गेला, ते बिलात धरायचं आहे. बाहेर फोन लावताना केसचा कोड (अकाउंट कोड) दाबायची सोय आमच्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, आहे, असं इन्स्टॉलर म्हणतो. सगळ्यांना सक्तीची करावी का? ज्युनिअर मंडळी आत्तापासूनच कुरकुरताहेत.

सदानंद_टेलिकॉम:
मृणालताई, सक्ती कराच, पण पडताळणीसह. नुसती सक्ती असेल तर सिस्टिम कुठलेही आकडे घेते आणि महिनाअखेरीस रिपोर्टमध्ये ०००० नि १२३४ यांचीच रांग लागते. पडताळणी असली की यादीत नसलेल्या कोडवर कॉल बाहेर जातच नाही. ऐच्छिक ठेवलंत तर दोन आठवड्यांत कुणी दाबणार नाही, हे मी ठिकठिकाणी पाहिलंय.
आणि हो, ११२, १०१, १०८ हे नंबर सक्तीतून वगळायलाच हवेत. जिवावर बेतलं असताना कुणाला कोड आठवणार? इन्स्टॉलरला शेजारी बसवून ते सेटिंग डोळ्यांनी बघा.

सीए_नाशिककर:
आमच्याकडे पडताळणीसहच चालू आहे. माझा सगळा जोर कोड कसा बनवता यावर राहील. फाइल २४१७ आणि फाइल २४७१ दोन्ही यादीत असतील, तर आकडे उलटसुलट झाले तरी पडताळणीला कळत नाही आणि एकाचा वेळ दुसऱ्याच्या बिलात जातो. म्हणून आम्ही शेवटी आधीच्या आकड्यांवरून काढलेला तपासणीचा आकडा जोडतो, क्रेडिट कार्डाच्या नंबरला असतो त्याच लून पद्धतीचा. २४१७ चा कोड होतो २४१७४ आणि २४७१ चा २४७११. गडबडीत कुणी २४७१४ दाबलं तर कॉल अडतो. एक्सेलमध्ये सूत्र एकदाच लिहावं लागतं.
कुरिअर, स्टेशनरी, घरचा फोन यांसाठी ऑफिसचा एक कोड ठेवा. तो नसला तर माणसं हे कॉल कुठल्यातरी अशिलाच्या माथी मारतात. आणि यादी एकाच व्यक्तीकडे द्या. नवी फाइल उघडली की त्याच दिवशी कोड चढला पाहिजे.

अ‍ॅस्टेरिस्क_प्रेमी:
पुढेमागे आयपीवर, म्हणजे इंटरनेट पद्धतीच्या फोनवर, जाणार असाल तर फ्रीपीबीएक्स या एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पिन सेट्स’ आहे. कोडांची यादी आउटबाउंड रूटला (बाहेर जाणाऱ्या कॉलच्या मार्गाला) जोडायची आणि सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदवहीत, नोंद करायचा पर्याय चालू करायचा. दाबलेला कोड ‘अकाउंटकोड’ रकान्यात येतो. आपत्कालीन नंबरांचा रूट वेगळा, बिनपिनचा आणि सगळ्यांत वर ठेवा.

मृणाल_ठाणे:
सगळ्यांचे मनापासून आभार, लूनचं तर आजच करून बघते. पण अशिलांचे येणारे फोन कसे धरायचे? आणि आमचे दोन्ही सीनिअर मोबाइलवरूनच बोलतात.

सदानंद_टेलिकॉम:
येणाऱ्या फोनसाठी बऱ्याच सिस्टिममध्ये कॉल चालू असतानाच कोड टाकता येतो. फोनवर त्याचं बटण नेमून घ्या, म्हणजे समोरच्याला होल्डवर ठेवावं लागत नाही. मोबाइलवरचं बोलणं ईपीएबीएक्सला दिसतच नाही. सीनिअरांच्या मोबाइलवर ऑफिसच्या एक्स्टेन्शनचं अ‍ॅप बसवता आलं तर तेही नोंदीत येईल, नाहीतर त्यांचा वेळ डायरीतच लिहावा लागेल.
एसएमडीआरच्या, म्हणजे ईपीएबीएक्स ठेवतो त्या प्रत्येक कॉलच्या, नोंदी रोज संगणकावर उतरवून घ्या. जुन्या बोर्डात जागा थोडी असते, ती भरली की आधीच्या नोंदी पुसल्या जातात. त्या फाइलमध्ये कुणी कुठल्या नंबरला किती वेळ फोन केला ते सगळं उघडं असतं, त्यामुळे वकिलांच्या ऑफिसात तिचा पासवर्ड हिशेब बघणाऱ्यापलीकडे जाऊ देऊ नका.