मदत हवी आहे : माळकरी आई, मासे खाणारे बाबा आणि इटलीतलं 'दाल पेस्कातोरे'

खानावळवाली
नमस्कार मंडळी,
आईबाबा सप्टेंबरात आमच्याकडे म्युनिकला येतायत. लग्नाचा वाढदिवसही तेव्हाच आहे. दोघांनी मिळून बार्शीत कित्येक वर्षं खानावळ चालवली. आई चुलीपाशी, बाबा गल्ल्यावर, आणि गर्दी झाली की वाढायलाही बाबाच. आता गुडघ्यांमुळे बंद केलीय. तर या दोघांना एकदा अशा ठिकाणी जेवू घालायचंय की जिथे त्यांना उठून आत काय चाललंय ते बघावंसंच वाटणार नाही. (बाबा तरी उठतीलच.)

शोधता शोधता 'दाल पेस्कातोरे' हे हॉटेल सापडलं. मांतोव्हा आणि क्रेमोना यांच्या मधे, ओल्यो नदीकाठी कान्नेतो सुल्लोल्यो नावाचं छोटं गाव आहे, आणि त्याच्याही बाहेर रुनाते ही मूठभर घरांची वस्ती. तिथे नादिया सान्तिनी स्वयंपाकघर बघतात आणि त्यांचे यजमान आन्तोनिओ बाहेरची बाजू. १९९६ पासून मिशेलिनचे तीन तारे (हॉटेलांच्या त्या मार्गदर्शिकेतला सर्वोच्च दर्जा). २०१३ मध्ये नादियाबाईंना जगातल्या सर्वोत्कृष्ट महिला शेफचा किताब मिळाला. नवराबायको, आडगाव, एक आत एक बाहेर. वाचल्यावर मला दुसरं काही सुचेचना.

अडचण आईची. ती माळकरी आहे. मांस-मासे सोडाच, अंडंही नाही. बाबा मासे खातात, पण आईसमोर नको म्हणतात. माणशी दोनशे युरोच्या वर खर्च करून आईच्या पुढ्यात पाव आणि सॅलड आलं तर मला रडू येईल. कुणी तिथे जेवलंय का? शाकाहारी माणसाचं खरंच भागतं का? त्यांची ती लाल भोपळ्याची तोर्तेली (सारण भरलेला पास्ता) फार प्रसिद्ध आहे म्हणतात. ती आईला चालेल ना?

ताकभाकरी
तोर्तेली आईंना चालणार नाही. आधीच सांगते, म्हणजे तिच्या भरवशावर बेत आखू नकोस. भोपळा आहे हे खरं, पण बाहेरच्या पारीत अंडं असतं. सारणात आमारेत्ती, म्हणजे बदामाची कडसर बिस्किटं घालतात. ती अंड्याच्या पांढऱ्यावर उभी असतात. वर पार्मिजानो चीज किसून घालतात, त्याचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने फाडतात. पार्मिजानोच्या नियमातच ते आहे, दुसरं काही वापरलं तर त्याला पार्मिजानो म्हणता येत नाही. ग्राना पादानो चीजचीही तीच गत. म्हणजे आईंच्या दृष्टीने एकाच पदार्थात तीन अडथळे.

त्या सारणातली मोस्तार्दा मात्र चालेल. फळं साखरेच्या पाकात मुरवून त्यात मोहरीचा अर्क घालतात. फेसलेल्या मोहरीच्या लोणच्यासारखा नाकात ठसका जातो. मांतोव्हाकडे सफरचंदाची वा नासपतीची करतात, क्रेमोनाकडे अख्ख्या फळांची. आईंना नुसती वाटीत दिली तरी आवडेल. येताना बाटली घ्याच.

खानावळवाली
बापरे. चीजचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इथे म्युनिकमध्ये आईने मागच्या वेळी पिझ्झा खाल्ला होता. हे तिला आता सांगू की नको?

ताकभाकरी
नको सांगूस.

ब्रेनरपार
आम्ही तिथे जेवलोय, म्हणून सविस्तर लिहितो. आधी घराबद्दल, कारण तुमच्या आईबाबांना ताटापेक्षा त्यातच जास्त रस वाटेल असा माझा अंदाज आहे. हे हॉटेल कुणी गुंतवणूकदाराने काढलेलं नाही. आन्तोनिओंच्या आजोबांनी १९२० च्या दशकात नदीकाठी खाणावळ टाकली, 'वाइन आणि मासे' अशी साधी पाटी लावून. आजोबा मासे पकडायचे, आजी रांधायची. पुढे आन्तोनिओंच्या आई ब्रूना चुलीपाशी आल्या. नादिया मूळच्या विचेन्झाकडच्या. मिलानच्या विद्यापीठात राज्यशास्त्र शिकताना दोघांची ओळख झाली आणि १९७४ मध्ये लग्न. स्वयंपाकाच्या कुठल्याही शाळेत न जाता त्या सासूच्या आणि आजेसासूच्या हाताखाली शिकल्या. लग्नानंतर दोघं फ्रान्समध्ये फिरले, तिथल्या मोठ्या हॉटेलांत जेवले, आणि आपल्या खाणावळीचं काय करता येईल ते मनात धरून परतले. आता एक मुलगा आईबरोबर आत, दुसरा बाहेर वाइन आणि पाहुणे बघतो. एक सूनही बाहेरच्या बाजूला असते. बार्शीत हे सांगितलंत तर कुणालाही समजेल.

आता आईंच्या जेवणाचं. इटलीत 'मी शाकाहारी' एवढंच म्हटलं तर समोरचा अंडं आणि चीज गृहीत धरतो. शिवाय रिझोत्तोत, म्हणजे त्यांच्या मऊ भातात, ब्रोदो (उकळून काढलेलं पाणी) असतो, आणि तो बहुतेक वेळा मांसाचाच. म्हणून आरक्षण करतानाच लेखी कळवा, टेबलावर बसल्यावर नव्हे. मी असं लिहीन : सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा, सेन्झा ब्रोदो दि कार्ने, सेन्झा काल्यो आनिमाले. म्हणजे मांस, मासे, अंडी, मांसाचा ब्रोदो आणि प्राण्यांचं रेनेट यांच्याशिवाय. शेवटचं विसरू नका. धर्माचं कारण आहे हेही लिहा, म्हणजे 'थोडंसं चालेल का' असं विचारत नाहीत.

एवढं सगळं वगळून काय उरतं? पोलेंता उरते, ती मक्याचं पीठ आणि पाणी. भोपळा, भाज्या, मश्रूम, भाजीच्या पाण्यातला रिझोत्तो, लोणी (ते चालतं), मास्कार्पोने हे सायीचं चीज (ते आम्लाने घट्ट करतात, रेनेट नाही). गोडात मांतोव्हाचा खुसखुशीत केक, स्ब्रिझोलोना, नको. त्यात अंड्याचा बलक असतो, आणि जुन्या पद्धतीत डुकराची चरबीही. फळांचं काहीतरी मागा.

बाबांची चैन आहे. नदीकाठचं घर असल्याने गोड्या पाण्यातले मासे त्यांच्याकडे पिढीजात आहेत. लुच्चो म्हणजे पाईक मासा, सॉसमध्ये, बाजूला पोलेंता, ही त्या भागाची खासियत. आईंसमोर नको म्हणत असतील तर त्यांना दुपारी नदीवर फिरायला न्या आणि गावात आधीच खाऊ घाला.

दोनशेयुरो
स्पष्ट बोलू का? ज्या बाईंनी जन्मभर झुणका आणि शेंगाची चटणी रांधली, त्यांना पोलेंत्याचे तीन चमचे पांढऱ्या ताटात दिले तर त्या मनातल्या मनात हिशोब करत बसतील. एवढ्या पैशात बार्शीत आख्ख्या गल्लीला जेवण घालता येतं. हा हट्ट मुलीचा आहे, आईबाबांचा नाही.

खानावळवाली
@दोनशेयुरो, हट्ट माझाच आहे, ते मान्य. पण आई हिशोब करेल हे काही वाईट नाही. तिला भाव विचारल्याशिवाय जेवण गोडच लागत नाही.

@ब्रेनरपार, खूप खूप आभार. शाळेत न जाता सासूच्या हाताखाली शिकल्या हे वाचूनच मी आईला फोन केला. ती म्हणाली, 'मग सासू चांगली असणार.' आजीबद्दल तिचं मत काय होतं ते यावरून कळलं.

पो_काठ
उशीर झाला उत्तराला. मी क्रेमोनाजवळ राहतो. एक गोष्ट कुणी सांगितली नाही. रुनातेपासून फार लांब नाही असं पेस्सीना क्रेमोनेझे नावाचं गाव आहे. तिथे मोठा गुरुद्वारा आहे, २०११ मध्ये उघडलेला. या पट्ट्यातल्या गाईंच्या गोठ्यांत पंजाबी माणसं कितीतरी वर्षांपासून काम करतात; ग्राना पादानोचं दूध बऱ्याच अंशी त्यांच्या हातून जातं. लंगर सगळ्यांना खुला असतो आणि शाकाहारी असतो. आईंना तिथे डाळ-रोटी पोटभर मिळेल, आणि त्या उठून पोळ्या लाटायला बसल्या तर कुणी अडवणार नाही.

म्हणजे दुपारी लंगर, रात्री दाल पेस्कातोरे. पोट भरलेलं असेल तर तीन चमच्यांची चिंता नाही. @दोनशेयुरो यांचाही प्रश्न सुटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांतोव्हा बघा. दुकाले राजवाड्यात मान्तेन्या या चित्रकाराने रंगवलेली खोली आहे, १४७४ मध्ये पूर्ण झालेली. नाहीतर क्रेमोनात स्त्रादिव्हारी या नामांकित कारागिराची व्हायोलिनं. खुद्द कान्नेतोत एकेकाळी बाहुल्यांचा मोठा कारखाना होता, खेळण्यांचं संग्रहालयही आहे. नातवंडं बरोबर असतील तर तिथे एक तास आरामात जातो.

खानावळवाली
लंगरची कल्पना इतकी पसंत पडलीय की नवरा म्हणतो, दाल पेस्कातोरेत जागा नाही मिळाली तरी चालेल. पण मी आज त्यांना ईमेल केलाय. ब्रेनरपार यांची सगळी 'सेन्झा' यादी घातली, आणि बाबांच्या माशांसाठी वेगळी ओळ. ताट एकाच वेळी नको, आई हात धुवायला उठेल तेव्हा आणा, असं लिहावंसं वाटलं होतं, पण इटालियनमध्ये ते कसं म्हणतात ते येईना.

एकादशी टाळून तारीख घेतलीय. आता शेवटची शंका. गाडीनेच जाणार, आल्प्समधल्या ब्रेनर घाटावरून. आईचे गुडघे बघता दर दीड-दोन तासांनी थांबावं लागेल. टोल वगैरे काय लागतो? आणि मांतोव्हात गाडी कुठपर्यंत नेता येते?

ब्रेनरपार
ऑस्ट्रियाचं विन्येट, म्हणजे महामार्गाचा पास, आधीच ऑनलाइन घ्या. ब्रेनरच्या रस्त्याचा टोल त्याच्याव्यतिरिक्त, आणि इटलीत शिरल्यावर अंतराप्रमाणे तिसरा. मांतोव्हाच्या जुन्या भागात झेडटीएल आहे, म्हणजे परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही; कॅमेरे लावलेले असतात, दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी म्युनिकला घरी येते. गाडी तळ्याकाठच्या पार्किंगला लावा. मुक्काम जुन्या भागात असेल तर हॉटेलला गाडीचा नंबर आधी कळवा, ते परवानगी काढून देतात. आणि ईमेलला उत्तर आलं की इथे लिहा, आईंसाठी काय काय करणार म्हणतात ते मलाही बघायचंय.