विद्यापीठातील संगीत विभागाकडून काय अपेक्षित धरावे?

‘विद्यापीठातून पदवीधर बाहेर पडतात, गायक नाही, त्यामुळे संगीत विभाग बंद केले तरी चालेल’ या मताचा पूर्वार्ध मला बराचसा मान्य आहे, निष्कर्ष मात्र नाही. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा घराण्याबाहेरच्या, म्हणजे गायकीच्या गुरुशिष्य परंपरेबाहेरच्या, सामान्य विद्यार्थ्याला संगीत शिकता यावे, हाही त्यामागचा मोठा हेतू होता. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात गायक ओंकारनाथ ठाकूरांनी संगीत महाविद्यालयाची धुरा वाहिली, तर १९५६ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील खैरागढला केवळ कलांसाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले.

खरी अडचण अभ्यासक्रमाच्या रचनेत आहे. सहा महिन्यांच्या सत्रात अनेक रागांच्या बंदिशी (ठरलेल्या गेय रचना) आणि ठरावीक ताना (जलद स्वरसमूह) बसवून परीक्षा देता येते, पण एकाच रागाची बढत, म्हणजे सावकाश टप्प्याटप्प्याने विस्तार, करण्यासाठी लागणारा निवांतपणा त्या वेळापत्रकात मावत नाही. (गुरुगृही तो आपोआप लाभतो, हाही गोड गैरसमजच.) उलट, संगीतशास्त्र, स्वरलेखन, ध्वनिमुद्रणांचे जतन आणि संशोधन ही कामे एकट्या गुरूच्या आवाक्यातली नसतात, त्यांसाठी ग्रंथालय, संग्रह आणि वेगवेगळ्या घराण्यांचे अध्यापक एकत्र असावे लागतात.

प्रवेश घेणाऱ्यांनी म्हणून पदवीच्या नावापेक्षा एका वर्गात किती विद्यार्थी बसतात आणि रोजच्या तालमीला तबल्याची साथ मिळते का, हे आधी विचारावे.